कप्तान पाठमोरा असताना

चोरीची तक्रार घेऊन येणारा माणूस आधी चोराला शिव्या घालतो आणि मग काय गेलं ते सांगतो. सकाळी दहाला आलेल्या काकूंनी मात्र आधी चपला जोडीनं नीट लावल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा आवाज चोरीला गेलाय."

भाऊजींनी वहीत 'आवाज' असं लिहिलं. पुढे काही सुचेना, म्हणून त्याखाली रेघ मारली.

इस्त्रीच्या दुकानावरच्या या खोलीत तपासाचा धंदा होता तो वहिनींचा. वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे हुडकून त्यांचं नाक असं तयार झालं होतं, की शेजारणीनं दूध उतू गेलं म्हटलं तरी त्या पातेलं बघून यायच्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गाडी होती, वही होती आणि दिवसभर घरात लुडबुडू नका अशी बायकोची सक्त ताकीद होती. एवढ्या पात्रतेवर ते सहायक झाले होते.

काकूंची कहाणी हळूहळू बाहेर आली. त्यांचे यजमान परभाषेतल्या सिनेमांना आपल्या भाषेत आवाज द्यायचे. तीस वर्षांपूर्वी एका बड्या स्टुडिओच्या सिनेमात त्यांनी शिडाच्या जहाजाच्या कप्तानाचा आवाज दिला. तेव्हापासून लोक त्यांना कप्तानच म्हणायला लागले. पाच वर्षांपूर्वी तो सिनेमा घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या एका ॲपवर आला, आणि दोन महिन्यांनी कप्तान गेले.

"ते गेल्यावर तीन महिन्यांनी मी तो लावला," काकू म्हणाल्या. "शेवटी कप्तान पाठमोरा उभा असतो. समुद्राकडे बघत. आणि म्हणतो, चष्मा फ्रिजवर आहे, वेडाबाई."

भाऊजींचं पेन थांबलं. "शिडाच्या जहाजावर?"

"अहो, ते आमच्या ह्यांनी माझ्यासाठी घुसडलेलं. तसलेच होते ते. रोजचं वाक्य होतं त्यांचं. मी चष्मा शोधत फिरायची आणि ते खुर्चीतून सांगायचे." काकूंनी गळ्यातल्या दोरीला अडकवलेला चष्मा चाचपला. "आता दोरी बांधलीय. सांगायला कुणी नाही ना."

साडेचार वर्षं काकूंनी रोज संध्याकाळी तेवढंच वाक्य ऐकलं. गेल्या महिन्यात मात्र दोन दिवस सिनेमाच गायब झाला. तिसऱ्या दिवशी परत आला, तोच कप्तान, तोच समुद्र, फक्त वाक्य नव्हतं. कंपनीच्या मदतवाल्या मुलीनं फोनवर सांगितलं, आजी, तुमचा गैरसमज होतोय. काकूंची लेकही काळजीनं म्हणाली, आई, तुला भास तर होत नव्हता ना?

"मला वेड लागलं असेल तर तसं सांगा," काकू म्हणाल्या. "मी ऐकून घेईन. पण आधी बघा तरी."

वहिनींनी त्यांना पाचच प्रश्न विचारले. त्या वाक्याला खाली अक्षरं उमटायची का? नाही, बाकी सगळ्याला यायची, एवढ्यालाच नाही. आवाज तसाच होता का? होता, पण जरा दमलेला. मागे काही ऐकू यायचं का? घुं घुं असं काहीतरी, समुद्र असेल. आणि चौथा प्रश्न ऐकून भाऊजींना कानकोंडं झालं. काकू, तुमचं वय काय?

"बहात्तर."

"आणि चष्मा कधी लागला?"

"सत्तेचाळिसाव्या वर्षी. लेकीची पत्रिका छापून आली, नाव चुकलंय ते मलाच दिसेना. का गं?"

"सहज," वहिनी म्हणाल्या. त्यांचं 'सहज' भाऊजींना चांगलं ठाऊक होतं. ते कधीच सहज नसायचं.

*

काकूंच्या घरी जाताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीनं भाऊजींना साष्टांग नमस्कार घालायला लावला. पायरीचा टवका उडाला होता. काकू ओशाळून म्हणाल्या की सात वर्षांपूर्वी ती दोघं या घरात राहायला आली तेव्हापासून ती अशीच आहे, आणि मालक दर वर्षी पुढच्या वर्षी करतो.

दोन खोल्या. खिडकीत एक खुर्ची, तिच्या हाताला तेलकट डाग. भाऊजी गुडघा चोळत तीत बसायला गेले, तेवढ्यात स्वयंपाकघरातून काहीतरी असं गुरगुरलं की ते उभेच राहिले.

"फ्रिज आहे," काकू म्हणाल्या. "इथे आलो तेव्हा जुनाच घेतला. सुरू झाला की शेजारच्यांना कळतं."

सिनेमाचा शेवट तिघांनी बघितला. कप्तान पाठमोरा उभा राहिला, शिडं फडफडली, लाटा आल्या, नावं वर सरकायला लागली. वाक्य काही आलं नाही. काकूंनी पडद्याकडे नाही, जमिनीकडे बघितलं. भाऊजींना उगाच अपराध्यासारखं वाटलं.

चहा घेताना वहिनींनी गप्पा मारत मारत कप्तानांची शेवटची दोन वर्षं विचारून घेतली. आजारपणामुळे ते घराबाहेर पडत नसत. काकू मात्र दर गुरुवारी तासभर वाचनालयात जायच्या, तेच आग्रहानं पाठवायचे. तू जा गं, मी पत्ते लावत बसतो.

"एकटेच?"

"एकटेच. पण लबाड होते. मी परत आले की मोरीत दोन कप असायचे. साखर बंद होती ना, म्हणून मी नसताना दोनदा चहा प्यायचे."

"प्रत्येक चहाला नवा कप?" वहिनींनी विचारलं.

"पुरुषाची जात," काकू म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. भाऊजींनी आपला कप गुपचूप उचलून मोरीत नेऊन ठेवला.

त्या काळातलं आणखी कोण भेटतं, असं विचारल्यावर काकूंनी कानसेनचं नाव घेतलं. कप्तानांचा आवाज टेपवर घेणारा तो. गाता येत नव्हतं पण कान असा तिखट, की तानसेन नाही तर कानसेन म्हणून कप्तानांनीच नाव पाडलं होतं. पण जुनं घर सोडल्यापासून तोही फिरकला नाही. कप्तान गेले तेव्हा फोन आला होता, नुसता रडला आणि ठेवून दिला.

*

ॲपच्या कंपनीत सिनेमांचे परवाने सांभाळणाऱ्या बाई भेटल्या. भाऊजींनी त्यांना मनात परवानाबाई नाव देऊन टाकलं. त्यांच्या टेबलावर फायलींचा एवढा ढीग होता की त्या बोलायला लागल्या तेव्हा आधी फक्त अंबाडा दिसला.

त्यांनी समजावलं ते असं, की ॲपवरचा सिनेमा ॲपचा नसतोच. भाड्याच्या घरासारखं असतं. बडे स्टुडिओ ठरावीक वर्षांसाठी दाखवायला देतात, तेही गठ्ठ्यानं. एक दुभती म्हैस हवी तर चार भाकड बरोबर न्या. कप्तानांचा सिनेमा असाच भाकडांत आलेला. स्टुडिओनं चित्र पाठवलं, पण आपल्या भाषेतला आवाज तेव्हा त्यांच्या गोदामात सापडेना. म्हणून जिथे तो आवाज भरला होता, तिथूनच कंपनीनं मागवून घेतला. मुदत संपली की सिनेमा उतरवायचा, फाइल पुसायची आणि पुसल्याचा दाखला स्टुडिओला द्यायचा.

"पण तुम्ही करार वाढवलात ना?" भाऊजींनी विचारलं. "सिनेमा तर अजून दिसतोय."

"वाढवला नाही. संपला." परवानाबाई अंबाड्यात पेन खोचत म्हणाल्या. "वाढवला असता तर जुनीच फाइल राहिली असती. आपल्या भाषेत तो महिन्याला बत्तीस वेळा बघितला जायचा, त्यातले तीस एकाच घरातून. कोण वाढवणार? दोन दिवसांनी दुसऱ्या गठ्ठ्यात तोच परत गळ्यात पडला, म्हणून दिसतोय. नवा करार, नवी फाइल. चित्र, आवाज, सगळं स्टुडिओकडून."

मग त्यांनी फायलींचा ढीग बाजूला सारला. "ते घर कुणाचं, तुम्हाला माहीत आहे का?"

वहिनींनी सांगितलं. परवानाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या की त्यांना वाटलेलं कुणीतरी टीव्ही बंद करायला विसरतं.

*

स्टुडिओचा इथला माणूस टाय लावून बसला होता. खोली गार, पाण्याची बाटली गार, हसणंही गार. त्यांनी करारातलं कलम बोट ठेवून दाखवलं. सिनेमातला एक सेकंद कापायचा नाही, एक सेकंद घालायचा नाही. तीस वर्षांपूर्वीचा मूळ आवाज गेल्या वर्षी गोदामात सापडला, तोच जसाच्या तसा दिलाय, म्हणाले. कुणी केसालाही धक्का लावलेला नाही. आणि मधल्या काळात कुणी रेकॉर्डिंगवाल्यानं काही चावटपणा केला असेल, तर त्याला स्टुडिओचं काम जन्मात मिळणार नाही.

भाऊजींना हाच चोर वाटला. एवढा इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस सरळ असूच शकत नाही.

वहिनी मात्र एकदम गरीब गाय झाल्या. "खरं आहे हो तुमचं. शिडाच्या जहाजावर फ्रिज कुठला? असं वाक्य तुमच्या सिनेमात नव्हतंच."

"नव्हतं, नाही आणि नसेल."

"एवढं लेखी द्याल का? तुमच्या सिनेमाचा आणि त्या वाक्याचा काही संबंध नाही, एवढंच. म्हणजे म्हातारीची समजूत पटेल आणि तुमच्यामागचं लचांड सुटेल."

लचांड सुटतंय म्हटल्यावर टायवाल्यांनी खुशीत सही ठोकली. गाडीत बसल्यावर भाऊजी रागावूनच म्हणाले, "वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात? हा कागद काकूंना दाखवणार?"

"दाखवणार तर. गाडी काढा."

*

कानसेनच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या होत्या. दार लागलं की जग बंद. साठीला आलेला माणूस, कानांवर मोठे हेडफोन, नजर यंत्रावर. स्टुडिओच्या कामांवरच त्याचं घर चालत होतं, हे त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं. आणि मग, विचारल्यावर, बाकी काही सांगितलं नाही.

वाक्य? आठवत नाही. पाच वर्षांपूर्वी जुन्या टेपवरून आवाज स्वच्छ करून पाठवला खरा. आता मुदत संपल्यावर स्टुडिओचं पत्र आलं, सिनेमाचं असेल ते सगळं पुसा. पुसलं. सही केली. कप्तानांना शेवटचं कधी भेटलात? जुन्या घरी असताना. नंतर कामांतून वेळच मिळाला नाही.

बोलताना त्याचा हात टेबलाच्या खालच्या खणावर होता. हलत नव्हता.

वहिनी उठल्या. दारापर्यंत गेल्या तेव्हा तो मागून म्हणाला, "काकूंना म्हणावं, जपून राहा. त्या तिसऱ्या पायरीला तर फारच जपा."

खाली उतरल्यावर भाऊजी हळहळले. "किती काळजी आहे बघा त्याला. आणि आपण संशय घेतोय."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "शनिवारी चारला सगळ्यांना काकूंच्या घरी बोलवा. टायवाल्यांना सांगा, प्रकरण कायमचं मिटवतोय."

*

शनिवारी चारला काकूंच्या पुढच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. टायवाले स्टुलावर बसले. पायरीनं त्यांनाही प्रसाद दिला होता, त्यामुळे टाय जरा वाकडा होता. परवानाबाई दिवाणावर. कानसेन दारापाशी उभा, काखेत पिशवी गच्च धरून. काकू त्याच्याकडे बघत होत्या, तो कुणाकडेच बघत नव्हता.

"काकू," वहिनींनी सुरुवात केली, "आधी महत्त्वाचं. तुम्हाला वेड लागलेलं नाही. वाक्य होतं. आणि ते कुणी चोरलं नाही."

"मग गेलं कुठे?"

"गेलं नाही, स्टुडिओकडून आलेल्या नव्या फाइलीत ते आलंच नाही. तुम्ही म्हणता कप्तानांनी ते तीस वर्षांपूर्वी घुसडलं. तेव्हा तुम्ही बेचाळीस वर्षांच्या होता. चष्मा लागला सत्तेचाळिसाव्या वर्षी. पाच वर्षं आधी ते कुठल्या चष्म्याबद्दल बोलतील?"

काकूंचा हात दोरीकडे गेला.

वहिनी म्हणाल्या, की म्हणजे मूळ सिनेमात ते वाक्य नव्हतं आणि टायवाले खरं बोलतात. वाक्याला खाली अक्षरं नव्हती, कारण स्टुडिओच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हतं. ते नंतर कधीतरी घातलं, आणि घालणाऱ्यानं जागा हुशारीनं निवडली. कप्तान पाठमोरा असताना. तोंड दिसत नाही, त्यामुळे ओठ जुळायची भानगड नाही.

"आता, वाक्य भरलं कुठे? मागे घुं घुं यायचं. काकूंना वाटलं समुद्र. शिडाच्या जहाजाला इंजिन नसतं, आणि समुद्र घुं घुं करत नाही."

फ्रिज जणू नाव घेण्याचीच वाट बघत होता. आतून गुरगुरला, थरथरला आणि सुरू झाला. टायवाले दचकले. काकूंनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि बघतच राहिल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "अगं, हाच की."

"म्हणजे वाक्य या घरात भरलं. गेल्या सात वर्षांत, कप्तान आजारी असताना. म्हणून आवाज दमलेला. ते बाहेर पडत नव्हते, तर यंत्र घेऊन कुणीतरी इथे यायचं. दर गुरुवारी, तुम्ही नसताना. दुसरा कप त्याचा." वहिनी दाराकडे वळल्या. "जो म्हणतो या घरी कधी आलोच नाही, पण ज्याला तिसरी पायरी माहीत आहे."

भाऊजींनी कपाळावर हात मारला. आवाज जरा मोठाच झाला.

कानसेन मटकन उंबऱ्यावर बसला. मग बोलला, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेना. ॲपसाठी जुना आवाज स्वच्छ करायचं काम आलं तेव्हा कप्तानांना हे सुचलं. मी गेल्यावर ती हा सिनेमा लावणार, म्हणाले. तिला दचकवू. शप्पथ घातली, तिला आधी सांगायचं नाही. आता पुसण्याचं पत्र आलं तेव्हा त्यानं सिनेमाचं सगळं इमानदारीत पुसलं. इथे भरलेलं तेवढं मात्र हातून पुसवेना. सही तर करून बसलेला. म्हणजे खोटी सही.

टायवाले उठले. "हा सरळ सरळ आमच्या सिनेमात हस्तक्षेप आहे. याची जबाबदारी..."

"कुठल्या सिनेमात?" वहिनींनी गोड आवाजात विचारलं. "या बाईंकडची फाइल पुसली, दाखला तुमच्याकडे. कानसेनांकडची पुसली, दाखला तुमच्याकडे. तुमच्या गोदामात ते वाक्य नाही. मग होतं कुठे? पुरावा तर तुम्हीच पुसून घेतलात."

वहिनींनी पर्समधून कागद काढून पुढे धरला.

"आणि हे तुमचं पत्र. त्या वाक्याचा आणि आमच्या सिनेमाचा काही संबंध नाही. सही तुमची. स्टुडिओनं पुसायला सांगितलं ते सिनेमाचं. हे सिनेमाचं नाहीच, तेव्हा कानसेनांची सही खरी. वाक्य कप्तानांचं. म्हणजे आता काकूंचं."

परवानाबाई फायली वाचून वाचून थकलेल्या डोळ्यांनी हसल्या. "मुदतीशिवाय," त्या म्हणाल्या. "कायमचा परवाना. पहिल्यांदाच बघतेय."

टायवाल्यांनी पत्रावरची आपली सही एकदा तपासली. मग परत स्टुलावर बसले आणि टाय सैल करत, कुणाकडेही न बघता, म्हणाले, "लावा तरी. काय आहे एवढं."

कानसेननं पिशवीतून छोटंसं यंत्र काढलं. बटण दाबलं.

आधी घुं घुं. मग खोकला. मग कप्तानांचा आवाज, भारदस्त: "सात समुद्र पालथे घातले, पण बंदर एकच..." मध्येच थांबला. "छे, फार नाटकी झालं रे. परत." पुन्हा: "तू होतीस म्हणून..." पुन्हा थांबला. "नको. रडेल ती." असं पाच-सहा वेळा. कधी हसू, कधी खोकला, कधी कपात चमचा वाजल्याचा आवाज.

काकू खुर्चीच्या हातावरच्या डागावर तळवा ठेवून ऐकत होत्या.

मग कडी वाजली. दार. आणि एका बाईचा आवाज, लगबगीचा, लांबून: "अहो, मी अर्ध्या वाटेतून परत आले. चष्मा विसरला. पाहिलात का कुठे?"

खोलीतल्या काकूंनी तोंडावर हात ठेवला.

यंत्रात क्षणभर फक्त फ्रिज होता. मग कप्तान म्हणाले, अगदी रोजच्यासारखं, "चष्मा फ्रिजवर आहे, वेडाबाई."

पावलं. "हा काय. इथेच तर ठेवला होता मी." पावलं परत गेली, दार लागलं, आणि दोन पुरुष इतका वेळ दाबलेलं हसू फुटून खिदळले. हसता हसता कप्तान म्हणाले, "बाकीचं राहू दे. हेच लाव."

"मी दाराआड उभा होतो," कानसेन म्हणाला. "तोंडात रुमाल कोंबून. तुम्ही घाईत होतात म्हणून दिसलो नाही."

काकू उठून त्याच्यापाशी गेल्या, त्याच्या डोक्यात हलकेच टपली मारली आणि तो हात तिथेच राहू दिला. मग म्हणाल्या, "गुरुवारी येत जा. कप दोन आहेत अजून."

पुन्हा चहा झाला. टायवाल्यांनी दोन बिस्किटं खाल्ली आणि यंत्र आणखी एकदा लावायला सांगितलं. कोणतं बटण दाबायचं ते कानसेननं काकूंना तीनदा दाखवलं. निघताना वहिनींनी बघितलं, भाऊजींनीही बघितलं. काकूंनी चष्म्याची दोरी सोडली, तिची गुंडाळी करून खणात टाकली आणि चष्मा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

सगळे जिना उतरत होते. तिसऱ्या पायरीपाशी कानसेननं भाऊजींचा कोपर धरला. तेवढ्यात वरून, उघड्या दारातून, काकूंचा आवाज आला, जरासा मोठा, जरासा लाडिक.

"अगं बाई, चष्मा कुठे ठेवला मी?"

भाऊजींनी सांगायला तोंड उघडलं. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं.

वर बटण दाबल्याचा आवाज झाला.